पहिलाच डेस्कटॉप स्वतः असेंबल करताना जोडणीचा क्रम काय ठेवावा?

तुम्ही विचारले आहे की रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅमच्या दोन पट्ट्या घरी येऊन पडल्या आहेत, आजवर संगणकाचे झाकण कधी उघडलेले नाही, तर जोडणी कोणत्या क्रमाने करावी आणि आपल्या हातून काही जळणार तर नाही ना. सामान एकमेकांना जुळणारे आहे, ही मोठी जमेची बाजू. हा प्रोसेसर एएम५ सॉकेटचा आहे (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) आणि त्या सॉकेटवर डीडीआर५शिवाय दुसरी रॅम चालतच नाही.

क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे. मदरबोर्ड थेट कॅबिनेटमध्ये बसवू नका. तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा कूलर, रॅम आणि एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा एवढेच जोडा आणि एकदा चालू करून पाहा. या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असल्यामुळे ग्राफिक्स कार्ड नसतानाही मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टवरून मॉनिटरवर चित्र येते. सगळे आत बसवून, वायरी बांधून झाल्यावर जर पडदा काळाच राहिला तर दोष नेमका कुठे आहे हे नवख्या माणसाला शोधता येत नाही, आणि बहुतेकांचा धीर तिथेच सुटतो.

खरी नाजूक जागा एकच आहे, ती म्हणजे सॉकेट. एएम५मध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, केसाएवढ्या बारीक आणि वाकल्या तर सरळ करणे अतिशय अवघड. दांडी उचला, धातूची चौकट उघडा, प्रोसेसर दोन्ही कडांना धरून त्याच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि अलगद ठेवून द्या. वरून दाबू नका. चौकट मिटून दांडी खाली आणताना मात्र जोर लागतो आणि तो वाटतो त्यापेक्षा बराच जास्त असतो, तेव्हा तिथे घाबरू नये. वरचे प्लास्टिकचे झाकण त्या वेळी आपोआप सुटते. ते जपून ठेवा, कारण पुढे मदरबोर्ड वॉरंटीसाठी पाठवायची वेळ आली तर ते लागते.

या प्रोसेसरच्या खोक्यात येणारा कूलर चार स्प्रिंगवाल्या स्क्रूंनी बसतो. त्यासाठी सॉकेटच्या दोन्ही बाजूंना असलेले प्लास्टिकचे हूक आधी काढावे लागतात, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी थर्मल पेस्ट कूलरला आधीच लावलेली असते, वेगळी लावू नका. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेल्यास दाब सगळीकडे सारखा बसतो. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी लावा. मदरबोर्डला चार स्लॉट असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात.

आता वीज. एसएमपीएसच्या दोन वायरी लागतात, २४ पिनांची मोठी आणि प्रोसेसरजवळची ८ पिनांची. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायरही वरवर तशीच दिसते, पण ती ६ आणि २ अशी विभागलेली असते, तर प्रोसेसरची ४ आणि ४ अशी. ती अदलाबदल टाळा. खोक्यावर ठेवलेल्या बोर्डाला चालू करण्याचे बटण नसते. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर एकदम टेकवले की पंखा फिरू लागतो.

इथेच थांबण्याची तयारी ठेवा. डीडीआर५ रॅमशी मदरबोर्ड पहिल्यांदा जुळवून घेतो तेव्हा पडदा कित्येक मिनिटे काळा राहू शकतो, आणि या वेळात घाबरून वीज बंद केली की ती प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चांगली पंधरा मिनिटे वाट पाहा. त्यानंतरही काही दिसले नाही, तर वीज बंद करून एकच पट्टी ठेवून पाहा. अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांचे चार छोटे दिवे असतात. अडलेल्या भागाचा दिवा पेटलेला राहतो. चित्र आले की बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन प्रोसेसरचे तापमान पाहा आणि एक्स्पो ही रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग सुरू करा, नाहीतर ६००० वेगाची म्हणून घेतलेली रॅमही साधारणतः ४८००वरच चालत राहते.

जळण्याच्या भीतीबद्दल सांगायचे तर बहुतेक कनेक्टरांचा आकारच असा असतो की ते उलटे बसत नाहीत. धोका असतो तो वेगळ्याच ठिकाणी. कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ, म्हणजे मदरबोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खुंट, मदरबोर्डच्या छिद्रांखालीच हवेत, जास्तीचा एखादा मागे टेकला तर शॉर्ट होऊ शकते. एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे सुट्या वायरींचा, असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी त्याला कधीही लावू नका. प्लग बसला तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि त्यात हार्ड डिस्कपासून मदरबोर्डापर्यंत काहीही जाऊ शकते. तसेच ज्या तीन पिनांच्या सॉकेटवर संगणक लावणार, त्याचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसरे छिद्र पुष्कळदा नुसते नावालाच असते.

वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले असेल तर मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये गेल्यावर ते सर्वांत शेवटी बसवा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून त्या कार्डाला लावा.