वाचकांचे प्रश्न : पंपाच्या पोटातले पाणी आणि त्याची मेश

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा सेंट्रिफ्युगल पंपांचा छोटा कारखाना आहे. सक्शन ८० मिलिमीटर, डिलिव्हरी ६५ मिलिमीटर, इम्पेलरचा (पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकाचा) व्यास २०० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला २९०० फेरे, असा आमचा एक पंप ओपनफोममध्ये (प्रवाहाचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तपासून पाहावा म्हणून मी दोन महिने खटपट करीत आहे. पूर्ण असेंब्लीची एसटीएल फाइल, म्हणजे त्रिकोणांनी बनलेला तिचा पृष्ठभाग, काढून मी ती ओपनफोममधल्या स्नॅपीहेक्समेश या मेश करणाऱ्या साधनाला दिली. ४ मिलिमीटरच्या सेलने मेश, म्हणजे पाण्याची जागा भरणारी छोट्या सेलची जाळी, व्यवस्थित झाली. पण सेल १ मिलिमीटरपर्यंत बारीक केल्याबरोबर मेश पंपाबाहेर पसरली आणि भोवतालचा सगळा चौकोनी ठोकळा भरून गेला. एका मित्राच्या सांगण्यावरून एसटीएल दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर वापरले, तर त्याने इम्पेलरचा आयच (मधले तोंड) बुजवून टाकला. चूक कुठे होत असावी?
— एक वाचक, शिरोली

उत्तर : उत्तराचे एक टोक आपल्या प्रश्नातच आहे. ४ मिलिमीटरला जे झाकलेले होते ते १ मिलिमीटरला उघडे पडले, म्हणजे साधारण त्याच मापाची एखादी फट आपल्या पृष्ठभागात आहे. स्नॅपीहेक्समेश आधी सगळा ठोकळा सेलनी भरते, मग शेजारच्या दोन सेलच्या मध्यबिंदूंना जोडणारी रेषा पृष्ठभागाला छेदते की नाही ते पाहते, आणि ‘पाणी इथे आहे’ म्हणून आपण दिलेल्या बिंदूपासून अडथळ्याशिवाय जिथवर पोचता येते तेवढेच सेल ठेवून बाकीचे टाकून देते. सेल फटीपेक्षा मोठा असेल तर या रेषा सहसा धातूला अडतात आणि फट नजरेतून सुटते. सेल फटीएवढा झाला की पाण्याला बाहेरची वाट सापडते. तेव्हा आपली पहिली मेश बरोबर होती असे समजू नये. तिच्यातही ही चूक होतीच, फक्त दिसत नव्हती.

फट कुठे असेल याचा अंदाज असेंब्ली न पाहताही करता येतो. केसिंग (पंपाचे बाहेरचे कवच) आणि बॅक कव्हर यांच्यामध्ये गॅस्केटसाठी जागा सोडलेली असते, पण खुद्द गॅस्केट बहुतेकदा कोणी काढलेले नसते, किंवा काढले असले तर एसटीएल करण्यापूर्वी लपवलेले असते. शाफ्ट आणि त्याच्याभोवतीचा स्टफिंग बॉक्स यांच्यामधल्या, गळती अडवणाऱ्या पॅकिंगचीही तीच गत. शिवाय प्रायमिंगच्या आणि ड्रेनच्या प्लगची भोके असतात. केसिंग तयार झाल्यावर आपण त्याची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) घेतो आणि कुठे पाझर दिसला तर ते बाजूला काढतो. संगणकावरच्या केसिंगलाही तशीच चाचणी लागते. ओपनफोमच्या काही आवृत्त्यांमध्ये पाण्यातल्या बिंदूबरोबर पंपाबाहेरचा एक बिंदू दिला, तर गळतीची वाट रेषा काढून दाखवण्याची सोय आहे. ती आपल्या आवृत्तीत असेल तर पहिल्याच प्रयत्नात जागा कळेल.

परंतु फटी शोधून एकेक बुजवत बसावे, असा माझा सल्ला नाही. मूळ अडचण अशी आहे की आपण संगणकाला लोखंड दिले आहे आणि आपल्याला हवे आहे पाणी. असेंब्लीत बोल्टचे आटे असतात, चावी असते, बेअरिंग असते. प्रत्येक भाग आपल्यापुरता बंद असतो, आणि जिथे दोन भाग एकमेकांना टेकतात तिथे एकाच जागी दोन पृष्ठभाग येतात, ज्यांचे त्रिकोण एकमेकांशी जुळत नाहीत. पाण्याचा या कशाशीही संबंध नाही. आपण फाउंड्रीच्या गावचे आहात, म्हणून हे एका शब्दात सांगता येईल : आपल्याला कोअर हवा आहे. केसिंग ओतताना आत जो वाळूचा कोअर बसवतात, त्याचा आकार म्हणजेच केसिंगमधल्या पाण्याचा आकार. इम्पेलरच्या दोन पात्यांमधल्या वाटेचेही तसेच आहे.

हे वाचून कोअर बॉक्सचीच (कोअर बनवण्याच्या साच्याचीच) कॅड फाइल, म्हणजे संगणकावरचा आराखडा, मेशला देण्याचा मोह होईल, तो आवरावा. तिच्यात कोअर प्रिंट (कोअर साच्यात टेकवण्यासाठीची टोके) असतात, मशीनिंगची वाढ धरलेली असते, आणि करड्या बिडाच्या आकुंचनासाठी सगळी मापे सुमारे १ टक्क्याने मोठी केलेली असतात. इम्पेलरचा व्यास १ टक्क्याने मोठा धरला तर हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते) सुमारे २ टक्क्यांनी वाढून दिसेल, कारण हेड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून मशीनिंग झालेल्या भागांची कॅड घ्यावी. सक्शन आणि डिलिव्हरीची तोंडे सपाट पृष्ठभागांनी बंद करावीत. गॅस्केटची फट, पॅकिंग आणि प्लगची भोके भरीव करावीत. आणि मग आतली पोकळी एक घन आकार म्हणून बाहेर काढावी. बंद पोकळी असेल तरच कॅड सॉफ्टवेअर हा घन आकार बनवू शकते, त्यामुळे ही पायरी पार पडली की आपली हायड्रो टेस्टही झाली असे समजावे. दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरला हा विवेक नसतो. त्याला फक्त त्रिकोण दिसतात, आणि कड मोकळी दिसली की ते ती बुजवते. इम्पेलरचा आय हे पाणी शिरण्याचे तोंड आहे हे त्याने कसे ओळखावे?

पाण्याचा हा घन आकार मिळाल्यावर त्याचे दोन तुकडे करावेत, इम्पेलरबरोबर फिरणारा आणि व्होल्यूटमध्ये (इम्पेलरभोवतीच्या शंखाकार वाटेत) स्थिर राहणारा. दोहोंमधली सीमा इम्पेलरचा घेर आणि व्होल्यूटची जीभ (प्रवाह दुभंगवणारे टोक) यांच्या मधोमध असावी. आपल्या पंपात हे अंतर ६ मिलिमीटर असेल, तर सीमेची त्रिज्या १०३ मिलिमीटर घ्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर मिळतील आणि तिथे ०.५ मिलिमीटरचे सहा सेल बसतील. जिभेपाशी आणखी एक गोष्ट नीट पाहावी. व्होल्यूट बहुधा ४५ अंशांवरचे आठ छेद जोडून काढलेला असतो, आणि त्याची सुरुवात व शेवट जिथे भेटतात तिथे नखाच्या कडेसारखे अरुंद पृष्ठभाग तयार होतात, क्वचित पृष्ठभाग स्वतःलाच छेदतो. एवढा भाग पुसून, जिभेची खरी गोलाई ड्रॉइंगवरून मोजून, पुन्हा काढणेच श्रेयस्कर. जीभ टोकदार ठेवून भागत नाही, कारण इथेच प्रवाह दुभंगतो.

आता काय ठेवावे आणि काय काढावे. कास्टिंगवरचे क्रमांक, बाहेरच्या पट्ट्या, बोल्ट हे सगळे पाणी काढताना आपोआप गेलेच. पात्याच्या मुळाशी असलेली ओतकामाची लहान गोलाई फक्त हेड काढायचे असेल तर खुशाल काढावी, कारण ती हबला (इम्पेलरच्या मधल्या भागाला) जिथे स्पर्शून संपते तिथे सेल चिरडले जातात आणि फायदा जवळजवळ काहीच होत नाही. पात्याच्या पुढच्या कडेला मात्र हात लावू नये. कॅव्हिटेशनची (पाण्यात वाफेचे बुडबुडे होण्याची) सुरुवात तिथल्या कमी दाबातूनच होते, आणि ती गोलाई अर्ध्या मिलिमीटरने बदलली तरी दाबाचे चित्र बदलते. मागची कड कास्टिंगमध्ये ३ मिलिमीटर जाड असेल तर ती तशीच बोथट ठेवावी. सुरीच्या धारेसारखी कड पडद्यावर सुरेख दिसते, पण ती फाउंड्रीत ओतता येत नाही आणि तिच्याभोवती चांगली मेशही होत नाही.

खरा पेच वेअरिंग रिंगचा, म्हणजे फिरता इम्पेलर आणि स्थिर केसिंग यांच्यामधली फट अरुंद ठेवणाऱ्या कड्याचा, आहे. आपल्या पंपात रिंगचा व्यास १०० मिलिमीटर, रुंदी १२ मिलिमीटर आणि फट प्रत्येक बाजूला ०.२ मिलिमीटर धरू. त्या फटीत पाच सेल बसवायचे तर एकेक सेल ०.०४ मिलिमीटरचा हवा. स्नॅपीहेक्समेशचे सेल घनाकृती असतात, म्हणून परिघावर ३१४ मिलिमीटरमध्ये ७,८५० सेल, रुंदीत ३०० आणि जाडीत ५, असे एकट्या फटीत सुमारे १ कोटी १८ लाख सेल होतात. बाकी सगळा पंप ३०–४० लाखांत बसत असताना हा खर्च कोणाला परवडेल? पहिल्या फेरीत फट सरळ बंद करावी आणि टेस्ट बेडशी (खऱ्या पंपाच्या चाचणीशी) तुलना करताना लक्षात ठेवावे, की रिंगमधून परत जाणारे पाणी हिशेबात नसल्यामुळे कार्यक्षमता खऱ्यापेक्षा जास्त दिसणार. फट हवीच असेल तर तेवढ्या भागाची लांबट सेलची मेश वेगळी करून जोडावी. तिला स्नॅपीहेक्समेशच्या हवाली करू नये.

प्रश्न : पंपाच्या पाण्याचा आकार मी व्यवस्थित काढला आहे. एसटीएल काढताना अचूकता कमी ठेवली तर गोल पृष्ठभागावर कंगोरे दिसतात आणि वाढवली तर फाइल ३०० मेगाबाइटची होते. मधला मार्ग कोणता? शिवाय फाइल निर्दोष आहे हे कसे ओळखावे?
— एम.टेक.ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : एसटीएल हा प्रकार थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीने १९८७ च्या सुमारास थरांनी वस्तू बनवण्याच्या यंत्रासाठी काढला, त्यात वक्रता नाही, फक्त त्रिकोण आहेत. बायनरी एसटीएलमध्ये प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे आपल्या फाइलमध्ये सुमारे ६० लाख त्रिकोण आहेत. एवढ्यांची गरज नाही. पण गरज किती, हे मेशवरून ठरवावे. वरच्या उत्तरातल्या फिरत्या सीमेचे १०३ मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ १० अंशांच्या तुकड्यांत मोडले, तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर पृष्ठभाग खऱ्या वर्तुळापासून ०.३९ मिलिमीटर आत जातो. भिंतीलगतचा पहिला थर ०.१ मिलिमीटरचा असेल तर ही चूक त्याच्या चौपट झाली. फिरत्या सीमेवर त्रास आणखी वाढतो, कारण एका बाजूचा कंगोरा फिरून दुसऱ्या बाजूच्या सपाट भागासमोर येतो आणि दोन पृष्ठभागांमध्ये फट किंवा घुसखोरी होते. तोच तुकडा १ अंशाचा केला तर अंतर ०.००४ मिलिमीटरवर येते. म्हणून सीमा, पाती आणि जीभ यांना १ अंश द्यावा आणि सक्शन–डिलिव्हरीच्या सरळ नळ्यांना ५ अंश पुरे समजावेत. प्रत्येक पृष्ठभागाची फाइल वेगळी काढल्याशिवाय हे जमत नाही. मात्र शेजारच्या दोन पृष्ठभागांच्या सामाईक कडेवरचे बिंदू एकच असले पाहिजेत, नाहीतर शिवण उसवते. त्यासाठी आधी एकत्र त्रिकोणीकरण करून मग पृष्ठभाग वेगळे करावेत. सॅलोमे या सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होते.

निर्दोषपणाची पहिली चाचणी बोटांवर करता येते. बंद पृष्ठभागात प्रत्येक कड बरोबर दोन त्रिकोणांची असते आणि प्रत्येक त्रिकोणाला तीन कडा असतात, त्यामुळे त्रिकोणांची एकूण संख्या समच येते. ती विषम आली तर पृष्ठभाग बंद नाही, हे फाइल उघडून न पाहताच कळले. सम आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. मग ओपनफोममधले सरफेसचेक हे पृष्ठभाग तपासणारे साधन चालवून एकाच त्रिकोणाला लागलेल्या कडा आणि दोनहून अधिक त्रिकोणांना लागलेल्या कडा, असे दोन्ही आकडे शून्य आहेत ना, ते पाहावे. पहिला आकडा म्हणजे भोक. दुसरा बहुधा आत राहून गेलेली भिंत दाखवतो, आणि ही भिंत डोळ्यांना बाहेरून दिसत नाही.

फाइल शेवटी मजकूर स्वरूपात साठवावी. बायनरीत पृष्ठभागांना नावे देण्याची ठरलेली सोय नाही. मजकुरात प्रत्येक पृष्ठभागाच्या सुरुवातीला नाव लिहिता येते आणि ओपनफोम तेच पुढे सीमेचे नाव म्हणून उचलते. पाती, हब, श्राउड (पात्यांवरचे आवरण), व्होल्यूट, आत येणे, बाहेर जाणे, अशी सहा नावे तरी वेगळी असावीत. पाती आणि हब यांना एकच नाव दिले, तर शेवटी टॉर्क कोणामुळे किती आला हे वेगळे करता येत नाही.

प्रश्न : मेश झाली, सरफेसचेकची तक्रार नाही, पण इम्पेलरच्या टोकाचा वेग सेकंदाला ३० हजार मीटर येतो. पंप तोच २०० मिलिमीटर आणि २९०० फेऱ्यांचा आहे.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खरा वेग सेकंदाला ३०.४ मीटर आहे. आपला बरोबर हजारपट आला. एसटीएलमध्ये एकक लिहिलेले नसते. आपल्या कॅडने मिलिमीटर दिले आणि ओपनफोमने ते मीटर समजून २०० मीटर व्यासाचा इम्पेलर फिरवला. फाइल ०.००१ ने लहान करावी आणि पाण्यातला बिंदूही मीटरमध्येच द्यावा. तो जुन्या मिलिमीटरच्या आकड्यात राहिला, तर पंपापासून कित्येक मीटर दूर पडेल.