हवामानाचा भरवसा नसताना शेतीपूरक धंद्यात पैसे घालावेत का?

तुम्ही विचारलंय, की नाशिक भागात पंधरा-वीस लाख घालून शेतीशी जोडलेला धंदा काढायचाय, पण हवामान असं बदलत असताना धोका किती आणि संधी कुठे? माझं निफाड तालुक्यात खतं-औषधांचं दुकान आहे आणि घरची तीन एकर द्राक्षबाग. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू माहीत आहेत.

बाहेरच्याला वाटतं, पाऊस थांबेना झाला की औषधवाल्याची चांदी. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मलाही तसंच वाटलं होतं. छाटणी झालेल्या बागा कोवळ्या फुटीत आणि फुलोऱ्यात, पाऊस उघडायचं नाव घेईना. डाऊनीच्या (ओल्या हवेत पानाघडावर येणाऱ्या बुरशीच्या) धास्तीने लोक दिवसातून दोनदा फवारत होते. तेवढी विक्री मी आधी कधी केली नव्हती, आणि बहुतेक सगळी उधारीवर. इकडची रीतच ती: द्राक्षाचे पैसे झाले की दुकानाचा हिशेब. घड कुजले, काही वाढायच्या आधीच जिरून गेले, पैसे झालेच नाहीत. माल पुरवणाऱ्यांना मी वेळेवर पैसे दिले, माझी वसुली दोन वर्षं रखडली. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीनंतर पुन्हा तेच.

२०२५ ने तर विक्रीही ठेवली नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (द्राक्षं निघाल्यावर वेल खरडून काढतात ती) दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे फुटीच्या कोंबात, पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. त्याला ऊन लागतं. त्या वर्षी मेमध्येच पाऊस सुरू झाला, ढग हटेनात. ऑक्टोबरात छाटणी केली तेव्हा कित्येक बागांत नुसती पालवी आणि बाळ्या (वेलीचे तणावे), घड नाहीत. घड नसलेल्या बागेला महागडं औषध कोण मारणार? काहींनी बागाच तोडल्या.

म्हणून माझं मत असं, की शेतकऱ्याचं नुकसान होताना ज्याची विक्री वाढते तो धंदा नव्याने काढू नका. नुकसान टळलं तर ज्याला पैसे मिळतात, असं काहीतरी बघा.

प्लॅस्टिकच्या आच्छादनाची सध्या खूप चर्चा आहे. पान-घड कोरडे राहतात, डाऊनी कमी, फवारण्या कमी. युरोपला माल पाठवणाऱ्याला औषधांचा अंश कमी राहणं फार मोलाचं, कारण २०१० मध्ये एका संजीवकाच्या (वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या) अंशामुळे आपले कंटेनर तिकडे अडकले होते, ते इथे अजून कुणी विसरलेलं नाही. (माझ्या दुकानाला आच्छादन परवडत नाही, पण खरं ते खरं.) मात्र आत भुरी (पांढरी बुरशी) वाढते, वाऱ्याने प्लॅस्टिकचा कागद फाटतो आणि खर्च एकरी लाखांत जातो. तुमच्या भांडवलात सांगाडे उभारून देण्याचा धंदा होईल, पण उधारीवर नको, आगाऊ रक्कम घेऊनच.

त्यापेक्षा मला लहान प्रयोगशाळा बरी वाटते. छाटणीआधी काड्या आणून डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगायचं, म्हणजे शेतकरी तो डोळा राखून छाटतो. २०२५ नंतर तपासल्याशिवाय कात्री लावायला लोक घाबरतात. बिल किरकोळ, त्यामुळे रोख मिळतं, आणि नमुन्याचं काम असल्याने गोदामात माल अडकून पडत नाही.

फळपीक विम्याच्या भरवशावर मात्र वसुलीचा हिशेब मांडू नका. तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो. पाऊस आमच्या शिवारात झोडपतो आणि केंद्रावर भुरभुर पडते, असं होतं. गारपिटीसाठी जादा हप्ता वेगळा भरावा लागतो, तो सगळेच भरत नाहीत.

डोळे तपासणीचं काम ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढंच असतं. उरलेले महिने माती, पाणी आणि देठ परीक्षणावर (पानाच्या देठावरून वेलीला कुठलं खत कमी पडतंय ते बघणं) काढावे लागतील, तेव्हा यंत्रं घेताना तेही धरा. आणि पगारी माणूस ठेवण्याआधी एक हंगाम स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसा.