सायकेडेलिक रॉकच्या रेकॉर्डिंगसाठी फ्रीलान्स प्रोड्युसर घ्यावा, की आपणच रेकॉर्ड करून त्याला फक्त मिक्सिंगला द्यावं?

तुमच्या प्रश्नाखालचा तपशील वाचला. कोल्हापूरचा बँड, पाच गाणी बसलेली, मुंबईचा प्रोड्युसर गाण्यामागे ठरावीक रक्कम आणि वर मास्टरमध्ये, म्हणजे तयार ध्वनिमुद्रणाच्या हक्कात, वाटा मागतोय, आणि तुमच्यातल्या एकाचं म्हणणं की सगळं घरीच कोरडं, म्हणजे इफेक्ट्सशिवाय, रेकॉर्ड करू, इफेक्ट्स काय ते तो नंतर लावेल. हे शेवटचं वाचलं आणि राहवेना. तो 'एक' तुमचा बेसिस्ट असणार. आमचाही तोच होता.

सरळ सांगतो. इफेक्ट्स नंतर लावायचे असतील तर प्रोड्युसर घेऊच नका, मिक्स इंजिनिअर, म्हणजे झालेलं रेकॉर्डिंग जुळवून देणारा, घ्या, पैसे वाचतील. या संगीतात आवाज हीच निम्मी चाल असते. एको, म्हणजे प्रतिध्वनी, लावून गिटार वाजवताना हात आपोआप थांबतो, परत येणाऱ्या आवाजाला जागा देतो, त्या फटीत पुढचा सूर टाकतो. तीच ओळ कोरडी वाजवताना माणूस ती जागा भरून टाकतो. मग तिच्यावर नंतर कितीही महागडा एको ओता, नुसता राडा होतो.

आमचं रेकॉर्डिंग पुण्याबाहेर, भोरच्या बाजूला, ड्रमरच्या आत्याच्या रिकाम्या बंगल्यात झालं. प्रोड्युसर अंधेरीचा, सिनेमाच्या पार्श्वसंगीतात मुरलेला, आमच्यापेक्षा बराच मोठा, म्हणून सगळे दादाच म्हणायचो. आल्या आल्या त्याने माइक बाहेर काढलेच नाहीत. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, वाजवा. वाजवलं. परत म्हणाला, वाजवा. बेसिस्ट आतल्या आत दिवसाचा दर तासांनी भागत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मग दादा म्हणाला, गाणं लय चढवून वाजवा. आमचं गाणं मुळात रेंगाळणारं, पांढरी सहा पट्टीतलं, आणि हा म्हणतो चढवा. ड्रमरने तोंड वाकडं केलं, पण वाजवलं. घेतलेला टेक त्याने सॉफ्टवेअरमध्ये पाचेक टक्क्यांनी सावकाश केला, जुन्या टेपसारखा, म्हणजे वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र खाली. झांज लांबली, स्नेअरला पोट आलं, टॉम खोलीच्या जमिनीखालून आल्यासारखे वाटायला लागले. तो ड्रमर आजही ढिला वाजवतो, पण त्या टेकमध्ये तो राक्षस वाटतो. ही युक्ती दादाची नव्हे. बीटल्सनी १९६६ मध्ये 'रेन'चा पाया असाच वेगात वाजवून नंतर मंद केला होता. त्यांच्याकडे टेप मशीन होतं, आमच्याकडे लॅपटॉप, एवढाच फरक.

आता अडचण अशी की मला त्यावर पेटी हवी होती. गावातल्या भजनी मंडळाकडून मागून आणली होती. पेटी काय हलत नाही. तिचा पांढरी सहा तो पांढरी सहाच. आणि आमचं गाणं घसरून काळी चारच्या किंचित वर कुठेतरी अडकलेलं, धड कुठल्याच पट्टीत नाही म्हणा ना. बेसिस्ट लगेच म्हणाला, पेटी मूळ पट्टीत वाजव, आपण नंतर पिच शिफ्ट करू, म्हणजे सॉफ्टवेअरने नुसती तिची पट्टी उतरवू. दादाने गाणं परत मूळ वेगावर आणलं, मला त्यावर वाजवायला लावलं, आणि मग सगळंच पुन्हा एकत्र खाली उतरवलं. सूर तंतोतंत बसला. पण गंमत सुरात नव्हती, भात्यात होती. भात्याचा जो फस्स आवाज आपण एरवी लपवत असतो, तो लांबून एखाद्या म्हशीच्या सुस्काऱ्यासारखा झाला आणि दर सहा-आठ मात्रांनी गाण्यात यायला लागला. तो सुस्कारा ऐकून आमच्या गायकाने कडव्यातले शब्द मागे ओढले. म्हणजे गाण्याची रचनाच बदलली. नंतर पिच शिफ्ट केलं असतं तर गायकाने गाताना तो ऐकलाच नसता. एवढंच बेसिस्टला समजावून सांगायचं होतं, जे मला तेव्हा जमलं नाही कारण तो मध्येच बोलतो.

दुसरी भानगड पंख्याची. लेस्ली स्पीकर आमच्या बापजन्मी मिळणार नव्हता. लेस्ली म्हणजे आत फिरणारा भोंगा असलेला तो ऑर्गनचा लाकडी खोका. बीटल्सच्या 'टुमॉरो नेव्हर नोज'च्या उत्तरार्धात लेननचा आवाज त्यातूनच काढलाय. दादाने बंगल्यातला उभा पंखा गिटारच्या अँपसमोर ठेवला आणि माइक पंख्याच्या पलीकडे. लेस्लीत भोंगा फिरतो म्हणून आवाज जवळ-लांब होऊन सूरही हलतो. पंख्याच्या पात्यांनी बहुतेक नुसता आवाज कापला जातो. पण तो कापसुद्धा हवा तसाच होता. त्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडायचं. पंखा मंदावायचा आणि त्याबरोबर गिटारची थरथरही. एका टेकमध्ये नेमकं सोलोच्या शेवटी व्होल्टेज गेलं, थरथर रुंद रुंद होत गेली, मी ती ऐकत सूर तेवढाच धरून ठेवला. दादा म्हणाला, हाच. बेसिस्ट म्हणाला, मोटरचा आवाज येतोय आणि हे नंतर काढता येणार नाही. दादा म्हणाला, बरोबर, येणारच नाही, आणि सिगरेट ओढायला बाहेर गेला.

तेव्हापासून बेसिस्टचं आणि माझं जे वाजलं ते बँड फुटल्यावरही संपलं नाही. त्याचं म्हणणं, पर्याय हातात ठेवावेत. माझं म्हणणं, पर्याय हातात ठेवणारी माणसं असलं संगीत करतच नाहीत. साठच्या दशकात बीटल्सनी ही सगळी करामत चार ट्रॅकच्या मशीनवर केली. चार भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि पुढचं वाजवायचं. एकत्र केलेलं परत सुटं होत नसे. त्यामुळे ढोल मोठा की लहान, आवाज कोरडा की ओला, हे त्याच दुपारी ठरायचं, आणि पुढचा वादक त्या ठरलेल्या आवाजावर वाजवायचा. आज ट्रॅकला मर्यादा नाही, म्हणून लोक काहीच ठरवत नाहीत आणि मग मिक्सच्या अठराव्या व्हर्जनवर भांडतात.

आणि पुरावाच हवा असेल तर हा घ्या. मध्यंतरी जुनी हार्डडिस्क सापडली, सेशन उघडलं. त्या वेळचे निम्मे प्लगइन, म्हणजे इफेक्ट देणारी छोटी सॉफ्टवेअरं, आता चालतच नाहीत. बेसिस्टच्या हट्टापायी जी दोन गाणी कोरडी घेतली होती ती नुसती रियाजासारखी वाजली: कोरडी गिटार, कोरडा आवाज, ज्या प्लगइनमधून ते जायचं तिथे रिकामा चौकोन. पंखा, भाता आणि सावकाश केलेले ड्रम्स मात्र जसेच्या तसे, कारण ते फाइलमध्येच होते. बेसिस्ट आता अमेरिकेत सनीवेलला असतो आणि ही साइट वाचतो. वाचू दे.

बरं, तुमचे पैसे. आकडा सांगत नाही, तो माणसागणिक बदलतो. पण मास्टरमधला वाटा मागतोय म्हणून बिचकू नका. बीटल्सचे प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचे पगारी होते, विक्रीत वाटा नव्हता, म्हणून १९६५ मध्ये ते बाहेर पडले आणि सहकाऱ्यांबरोबर एआयआर ही स्वतःची कंपनी काढली. वर सांगितलेल्या दोन्ही गाण्यांच्या वेळी ते फ्रीलान्सच होते. उलटी गोष्ट जो बॉइड या प्रोड्युसरची. पिंक फ्लॉइड या बँडचं पहिलं सिंगल 'अरनॉल्ड लेन' जानेवारी १९६७ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत त्याने केलं, बँडने ईएमआयशी करार केला, आणि कंपनीने आपला पगारी प्रोड्युसर नॉर्मन स्मिथ दिला. बॉइड बाहेर. मग 'सी एमिली प्ले'ला हवा तो आवाज अ‍ॅबी रोडला, ईएमआयच्या स्टुडिओत, मिळेना, तेव्हा मे महिन्यात सगळे परत त्याच साउंड टेक्निक्सला गेले, बॉइडला न घेता. वाटा मागणारा माणूस हावरटच असतो असं नाही, तो हा इतिहास वाचलेला असू शकतो.

मात्र कागद करा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने ते करायचा पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. स्टुडिओचं भाडं, वादक, सगळं प्रोड्युसरने आपल्या खिशातून केलं तर उद्या मास्टर माझाच असं तो म्हणू शकतो. हक्क लिहून दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत, आणि लिहिताना मुदत घातली नाही तर पाच वर्षं, प्रदेश घातला नाही तर भारत, असं धरलं जातं. चाल आणि शब्द यांची गोष्ट वेगळी, ते तुमचेच. तुम्ही म्हणाल, आत्ताच तर आवाज हीच निम्मी चाल म्हणालात, मग त्याला चालीत वाटा नको का? नको. त्याच निम्म्यासाठी मास्टरमध्ये वाटा देताय. सुरावट त्याने बांधली असेल तर मात्र नाव द्यावंच लागेल. आमच्याकडे पेटीच्या तुकड्यावरून हा विषय निघाला होता आणि दादाने स्वतःच नको म्हटलं होतं, पण सगळे दादा नसतात.

आगाऊ रक्कम थोडी द्या, मधला हप्ता रेकॉर्डिंग संपल्यावर, शेवटचा हप्ता सगळे ट्रॅक सुरुवातीपासून सारख्या लांबीच्या वेव्ह फाइल करून हातात आल्यावर. नुसती सेशन फाइल घेऊन उपयोग नाही, का ते वर सांगितलंय. मिक्स किती वेळा बदलून मिळेल तेही आधीच बोला.

हे सगळं बंगला, वेळ आणि मुरलेला माणूस मिळाला म्हणून. तुमचा प्रोड्युसर ड्रम्स सॉफ्टवेअरच्या ठोक्यांच्या ग्रिडवर ओढून सरळ करणारा आणि आवाजाला सूर आपोआप सरळ करणारा ऑटोट्यून लावणारा असेल तर माझं काहीच ऐकू नका, कोरडंच द्या, निदान नासाडी कमी होईल. त्याची आधीची दोन-तीन कामं मागून घ्या आणि त्यात लय कुठे श्वास घेते का बघा. गिटारची कोरडी लाइन डीआय बॉक्समधून, म्हणजे अँपशिवाय थेट, शेजारच्या चॅनेलवर घेऊन ठेवायला माझी हरकत नाही, चॅनेल मोकळा असेल तर. फक्त वाजवणाऱ्याच्या कानात ती जाता कामा नये.

मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, दुसऱ्या माणसाकडून करून घ्या. स्पॉटिफाय तसंही साधारण उणे चौदा एलयूएफएसवर (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आणून वाजवतं, त्यामुळे लिमिटर, म्हणजे आवाजाची शिखरं दाबणारं साधन, ठोकून आवाज फुगवण्यात अर्थ नाही, आणि असल्या गाण्यांत शांत जागा आधी मरतात. प्रोड्युसर फुगवलेलाच मिक्स देत असेल तर लिमिटर काढलेली एक फाइल शेवटचा हप्ता देण्याआधी मागून घ्या.