आधी छाया

बाय,

डच चित्रकार फर्मीरच्या 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' या चित्राची नक्कल करतेयस, त्या कॅनव्हासचा फोटो पाहिला. "नाक बसत नाही, गाल चिखलासारखे झालेत," असं लिहिलंयस. नाक बसणार कसं? फर्मीरने त्या मोतीवालीच्या नाकाची बाजू रेघेने गालापासून तोडलेलीच नाही, दोन्ही एकाच उजेडात मिसळलेत. तू ट्रेसिंग करून रेघ ओढलीस आणि वर ट्यूबमधला गुलाबी थापलास.

आधी छाया जुळव, मग रंग. रॉ अंबर, म्हणजे मातीचा तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ कर, डोळे बारीक करून बघ आणि फक्त गडद-उजळाचे डाग मांड. फर्मीरनेही चेहरा आधी तपकिरी-काळ्या थरांतच उभा केला होता. अंबर लवकर वाळतं, आपल्या पावसात तेवढाच आधार. जवसाचं तेल वरच्या थरांत वाढव, खाली नको, नाहीतर वरचा थर तडकतो. मागची बाजू तू सपाट काळी भरलीस. तिथे मुळात नीळ आणि पिवळ्या वनस्पतिरंगाची हिरवी झिलई होती, ती काळाने विटली. आणि तो मोती! वर एक पांढरा ठिपका, खाली कॉलरचा पडलेला उजेड, संपलं. अडकवायला कडीसुद्धा नाही. तू दिवसभर कडी रंगवत बसलीस.

मोबाइलच्या काचेवर रंग कुठे जाड, कुठे पातळ ते कळत नाही. पणजीत फोंतेन्हासला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत जा, चित्रकार त्रिंदादची चित्रं बघ. १८७० साली सांग्यात जन्मलेला आपला माणूस, मुंबईला जे.जे. कलाशाळेत शिकवायचा. त्याच्या पोर्ट्रेटसमोर डोळे बारीक करून अर्धा तास उभी राहा. रंग नको बघू. छाया बघ. किती वेळा सांगू?

मी वीस वर्षं फोटोवर चौकटी आखून लोकांचे आजोबा रंगवले. सगळे म्हणायचे, हुबेहूब! एकदा बाराव्याच्या दिवशी एक म्हातारी चित्रापुढे उभी राहून म्हणाली, "हे नाक त्यांचं नव्हे, फोटोचं." पैसे दिले तिच्या मुलाने, पण मी ते मोजले नाहीत. चौकट म्हणजे पाप, असं मी म्हणत नाही हां. दोन मुलांच्या फिया तिच्यावर भरल्यात, आठवड्यात काम हातावेगळं व्हायचं. छाया शिकायला वेळ कुणाकडे होता? तुझ्याकडे आहे, म्हणून तर राग येतो.

कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नकोस, पावसात पाठीला बुरा धरतो. चतुर्थी झाली की ये. रंगांची पेटी आणू नकोस. अंबरची एक ट्यूब आण, आणि चिंध्या भरपूर.