चवळीवरच्या त्या काटेरी अळ्या मारू नका

इंदूरजवळच्या सांवेरकडच्या तुमच्या शेतात जमीन झाकायला, आच्छादनाला पेरलेल्या चवळीवर काळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) आलाय, त्यातच काळ्या-नारिंगी काटेरी अळ्या फिरतायत, आणि दोन्हींवर एकच फवारा चालेल का असं तुम्ही विचारलंय. वाचून राहवलं नाही. देपालपूरकडच्या आमच्या शेतात मी हेच करून बसले होते.

अळी मगरीच्या पिल्लासारखी दिसत असेल आणि माव्यातच वावरत असेल, तर ते ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू आहे. ते मावाच खातं. मी तेव्हा चार अळ्या डबीत घालून एका कार्यालयात गेले. साहेबांनी डबी उघडलीसुद्धा नाही. "इल्ली है ना? मार दो," म्हणाले आणि औषधाची चिठ्ठी हातात दिली. फवारल्यावर दोन दिवस चवळी स्वच्छ होती. पुढच्या आठवड्यात शेंडे आधीपेक्षा काळे! माव्याची मादी नराशिवायच पिल्लं घालते आणि गरम हवेत ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः व्यायला लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला दोन-तीन आठवडे तरी लागतात. पुढे शेजारच्या भेंडीवर मावा चढला, तेव्हा त्याला खाणारं कुणी उरलंच नव्हतं. भेंडी हातची गेली. डबी उघडायला असा कितीसा वेळ लागला असता? अजून राग येतो.

ज्या इंदूरात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली, तिथे किडीवरचा पहिला सल्ला फवाऱ्याचाच मिळावा, हे मला पटत नाही.

माझं मत सांगते, जमीन तुमची, निर्णय तुमचा. चवळी खतासाठी मातीत गाडायचीच आहे ना? मग थोडा मावा सोसा, ढालकिड्यांचं ते खाद्य आहे. सगळी एकदम गाडू नका, पट्ट्यापट्ट्याने गाडा, म्हणजे किड्यांना पुढच्या पिकावर सरकायला वाव मिळतो. गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबा, नाहीतर तिथल्या रोपं कुरतडणाऱ्या अळ्या नव्या रोपांवर येतात. चवळी शेंगांसाठी असेल किंवा रोपं अगदी कोवळी असतील, तर हिशोब वेगळा. मुंग्यांकडेही बघा, माव्याच्या अंगातून येणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.

आणि फुगलेला, तपकिरी, न हलणारा मावा दिसला तर ते पान तोडू नका. त्याच्या पोटात छोट्या गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. पानाच्या खालच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो टाका, आज रात्री बघते. तोवर पंप भरू नका.