हात लावू देत नाहीत, म्हणूनच तिथे जा

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून सहकुटुंब केनियाला जाताना नैरोबीतले हत्तीच्या अनाथ पिल्लांचे केंद्र पाहावे का, असे आपण विचारले आहे. ते दिवसातून एकच तास उघडे असते आणि पिल्लांना हात लावू देत नाहीत. त्यापेक्षा पुढच्या वर्षी श्रीलंकेत पिन्नावालाच्या हत्ती-केंद्रात गेलो तर मुलांना हत्तींच्या जवळ तरी जाता येईल, असे आपल्याला वाटते. मी नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात ३१ वर्षे परिचारिका होते. 'हात लावू देत नाहीत' ही तक्रार मी त्या दारात उभी राहून इतक्या वेळा ऐकली आहे की, आपला प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून मला राहवले नाही.

केंद्र जरूर पाहा. ते शेल्ड्रिक वाइल्डलाइफ ट्रस्ट या संस्थेचे आहे आणि नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे. त्सावो पूर्व राष्ट्रीय उद्यानाचे पहिले वॉर्डन डेव्हिड शेल्ड्रिक १९७७ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी ही संस्था सुरू केली. डॅफ्नीबाई २०१८ मध्ये गेल्या. आजवर तिथे ३०० हून अधिक पिल्ले माणसांच्या हातांनी वाढली आहेत. शिकार, दुष्काळ, विहिरीत पडणे, माणसांशी झालेला संघर्ष अशा कारणांनी आईपासून तुटलेले पिल्लू आधी नैरोबीत येते. साधारण दोन-तीन वर्षांचे झाले की त्याला त्सावोतल्या वोई किंवा इथुंबा अथवा किबवेझी जंगलातल्या उमानी या ठाण्यांवर हलवतात, आणि तिथून वर्षानुवर्षे हळूहळू ते रानातल्या कळपांत मिसळते. ही पिल्ले परत द्यायची आहेत, हे एकदा लक्षात घेतले की त्या एका तासाचा आणि प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीचा अर्थ आपोआप उलगडतो.

आम्ही २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेलो. माझी भाची, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, नवऱ्याच्या नोकरीमुळे नैरोबीला असते. त्या वेळी एकोणऐंशी वर्षांच्या असलेल्या आमच्या वन्संना लेकीचे घर पाहायचे होते आणि त्यांना सोबत म्हणून मी गेले. भाचीचा वीस वर्षांचा मुलगाही सुटीसाठी पुण्याहून आमच्याबरोबर आला होता. त्याच्या जन्माची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही.

हा मुलगा २००३ च्या श्रावणात एकतिसाव्या आठवड्यात जन्माला आला. वजन १३५० ग्रॅम. मी ज्या रुग्णालयात काम करत होते, तिथेच त्याला काचेच्या पेटीत ठेवले होते. तिसऱ्या दिवशी वन्सं देवळातला अंगारा घेऊन आल्या आणि नातवाच्या कपाळाला तो लावायचा म्हणून दाराशी उभ्या राहिल्या. मी आत जाऊ दिले नाही. एवढ्या लहान जिवाला दर वेळी हात लागला की त्याच्या रक्तातला प्राणवायू कसा खाली येतो, हे समोरच्या यंत्रावर आकड्यांत दिसते. बाहेरच्या माणसाच्या हातावरचा जंतू त्याच्या रक्तात उतरला तर दोन दिवसांत होत्याचे नव्हते होते, आणि तसे झालेले मी डोळ्यांनी पाहिले होते. मी म्हटले, "वन्सं, अंगारा पेटीच्या बाहेरच्या काचेला लावा, देवाला काच आड येत नाही." त्या म्हणाल्या, "स्वतःच्या नातवाला हात लावायला मी तुझी परवानगी घ्यायची?" अंगाऱ्याची पुडी माझ्या हातात ठेवून त्या जिना उतरल्या. बारशाचे बोलावणे आम्हाला आले नाही. पुढे येणेजाणे सुरू झाले, पण या विषयावर आम्ही दोघी वीस वर्षे एक शब्द बोललो नव्हतो.

नैरोबीत ऑगस्टमध्ये सकाळी आभाळ दाटलेले असते आणि हवेत चांगलाच गारवा असतो. अकराच्या सुमारास आम्हाला दोरीपाशी उभे केले. पलीकडे तांबड्या मातीचे मोकळे मैदान, चिखलाचे डबके आणि तोडून टाकलेल्या हिरव्या फांद्या होत्या. झुडपांतल्या पायवाटेने सर्वांत लहान पिल्लांची तुकडी अक्षरशः धावत आली. काहींच्या पाठीवर पट्ट्यांनी बांधलेल्या घोंगड्या होत्या. हत्तीण बावीस महिने गर्भ वाहते आणि पिल्लू जन्मतःच शंभर किलोंच्या आसपास असते, त्यामुळे ते बळकट असणार असा आपला समज होतो. प्रत्यक्षात आईच्या पोटाखालची ऊब आणि सावली गेली की त्याला न्युमोनिया पटकन गाठतो आणि कोवळे कान उन्हाने भाजतात. म्हणून तिथे पिल्लांना घोंगड्या घालतात आणि अगदी लहानग्यांच्या कानांना उन्हाचे मलम लावतात. पेटीतल्या बाळाला आम्ही टकुचे घालायचो, त्याचीच मला आठवण झाली.

हिरवा डगला घातलेल्या एका कीपरने मोठी बाटली तिरकी धरली आणि पिल्लाने ती तोंडात घेतली. माझे सगळे लक्ष त्याच्या गळ्याकडे होते. ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन गोष्टींचा मेळ बसायला माणसाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला साधारण चौतिसावा आठवडा लागतो. तोवर आम्ही नळीने दूध देतो आणि मग वाटी-चमच्यावर आणतो. इथे पिल्लाला सोंडेचे काय करावे हे कळत नव्हते. आईचे दूध पिताना ते सोंड तिच्या अंगाला टेकवते. या पिल्लाने ती कीपरच्या काखेत खुपसली, तशी त्या माणसाने बाटली जराही न हलवता दंड थोडा उचलून तिला जागा करून दिली. दूध हनुवटीवरून ओघळले, ते त्याने तळहाताने निपटले. ज्यांना काखही पुरत नाही त्यांच्यासाठी घोंगडी टांगतात आणि तिच्या आडून बाटली देतात, म्हणजे सोंडेला आईच्या पोटासारखे काहीतरी टेकायला मिळते. तान्ह्यांना दर तीन तासांनी दूध द्यावे लागते आणि त्यात रात्रही आली. कीपर पिल्लांच्याच खोलीत वरच्या फळीवर झोपतात.

दुधाचीही गोष्ट सांगते. आपल्याकडे आईला दूध नसेल तर दुसऱ्या आईचे दूध मिळू शकते. मुंबईत शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. हत्तीच्या पिल्लाला तशी पेढी नाही, आणि गाईच्या दुधातली चरबी त्याला सोसत नाही, हगवण लागून ते दगावते. डॅफ्नीबाईंनी अनेक वर्षे पिल्ले गमावत, प्रयोग करत अखेर नारळाच्या तेलाचा उपयोग केलेले मिश्रण शोधले. त्यावर जगलेल्या पहिल्या तान्ह्या पिल्लाचे नाव आयशा. डॅफ्नीबाई लेकीच्या लग्नासाठी काही दिवस दूर गेल्या, तेव्हा आयशाने अन्न सोडले आणि ती मेली. दूध तेच होते, माणूस मात्र तो नव्हता. तेव्हापासून तिथे एक पिल्लू एकाच माणसाच्या ताब्यात देत नाहीत. पिल्लांच्या खोलीत झोपणारा माणूस आळीपाळीने बदलतात, म्हणजे जीव एकावर न जडता साऱ्या कुटुंबावर जडतो.

कीपर ध्वनिक्षेपकावरून एकेका पिल्लाचे नाव आणि ते कुठे, कसे सापडले ते सांगत होता. आदल्या वर्षी केनियात भयंकर दुष्काळ पडला होता आणि नऊ महिन्यांत २०० हून अधिक हत्ती मेले होते. त्यात आई गमावलेले एक पिल्लू चिखलात लोळून उठले आणि दोरीच्या कडेने आमच्या अगदी जवळून चालू लागले. वन्संना राहवले नाही. अलाबला घेण्यासाठी त्यांनी दोन्ही हात दोरीपलीकडे नेले. कीपरने मध्ये येऊन पिल्लाला हळूच वळवले आणि छातीवर हात ठेवून मान हलवली. वन्सं खूप दुखावल्या. "एवढ्या लांबून आलो, आईवेगळ्या लेकराला मायेने हात लावला तर काय बिघडते?" असे त्या मला विचारू लागल्या. त्यांचा चेहरा २००३ मधल्या त्या दारातल्यासारखाच झाला होता.

मी त्यांना तिथेच, दोरीपाशी, वीस वर्षांपूर्वी द्यायचे राहिलेले उत्तर दिले. माया खरी आहे, पण त्या लेकराला ती आपल्याकडून नको आहे. रोज शेदोनशे अनोळखी माणसे येणार, प्रत्येकाच्या हातावर काहीतरी असणार आणि प्रत्येकजण एकदाच लावणार. त्यातून पिल्लू एवढेच शिकणार की माणूस दिसला की त्याच्याजवळ जावे. हेच पिल्लू पुढे मोठे होऊन रानात जाईल आणि कुणाच्या शेताच्या बांधावर उभे राहील, तेव्हा ती शिकवण त्याच्या जिवावर बेतेल. नातवाकडे बोट दाखवून मी म्हटले, "हा तुमच्यासमोर उभा आहे ना?" एवढे बोलायला नको होते असे भाचीचे मत पडले. माझे मत मात्र आजही बदललेले नाही.

पिन्नावालाविषयी स्पष्टच लिहिते. ते केंद्र १९७५ मध्ये अनाथ पिल्लांसाठी सुरू झाले. तिथे हत्तींची पैदास होते, कळप रोज नदीवर नेतात, पैसे देऊन फळे भरवता येतात. पण तिथला हत्ती रानात परत जात नाही, जन्मभर तो प्रेक्षकांसमोरच राहतो. श्रीलंकेला जायचेच असेल तर उडवलवे येथील, १९९५ मध्ये सुरू झालेले केंद्र पाहा. तिथे ठरावीक वेळी दूध पाजताना दुरून पाहायचे असते आणि पिल्ले मोठी झाली की त्यांना रानात सोडतात. जिथे पिल्लाला आंघोळ घालून, गळ्यात हार घालून फोटो काढू देतात ते दुकान आहे, अनाथालय नव्हे. मग त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. पिन्नावाला सुरू झाले तेव्हा पिल्लू वाढवून रानात परत देण्याची विद्या जगात फारशी कुणाजवळ नव्हती, आणि तिथल्या माहुतांच्या मायेवर मी बोट ठेवत नाही. आपल्याकडे तमिळनाडूत मुदुमलाईच्या जंगलात तेप्पक्काडूच्या हत्ती-छावणीत बोम्मन आणि बेल्ली या जोडप्याने वाढवलेली पिल्लेही छावणीतच राहिली, म्हणून त्या दोघांचे कष्ट उणे होत नाहीत. दुसरी गोष्ट माझ्याच विभागातली आहे. त्या बाळाला आईच्या छातीशी द्यायला आम्ही दहावा दिवस उजाडू दिला. कांगारू मातासेवा, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत, कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८ पासून सुरू होती, आणि आज आम्ही त्याला कितीतरी आधी आईच्या अंगावर ठेवले असते. स्पर्श हे औषधच आहे. तो कुणाचा, किती वेळा आणि कुणाच्या गरजेपोटी, एवढाच माझा वन्संशी वाद होता. दारात उभे राहून मी त्यांना हे समजावून सांगितले नाही, नुसता नियम सांगितला, ही माझी चूक होती. नैरोबीहून परतताना विमानात मी तसे बोलूनही दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण ताटातला गोडाचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला.

आता आपल्या उपयोगाचे. वेळ अकरा ते बारा, नाताळच्या दिवशी बंद. नोंदणी आधी संकेतस्थळावर करावी लागते, सुटीच्या दिवसांत ती लवकर भरते. प्रवेश मगाडी रस्त्याकडून आहे. शहरातल्या वाहतुकीचा भरवसा नाही, म्हणून दहापर्यंत पोहोचा आणि मुलांना दोरीपाशी पुढे उभे करा. त्यांना अंगावर चिखल उडाला तरी चालेल असे कपडे घाला. केनियाहून परतताना भारतात पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो आणि तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, तेव्हा ते काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

मुलांना जवळीक हवी असेल तर त्यांच्या नावाने एका पिल्लाचे पालकत्व घ्या. वर्षाला पन्नास डॉलरपासून ते घेता येते आणि दर महिन्याला कीपरच्या रोजनिशीतली हकिगत ईमेलने येते. आमच्या घरी ती वन्संच्या नातवाच्या नावाने येते. तो ती मोठ्याने वाचतो आणि पिल्लू दूध नीट प्यायले का, हे वन्सं सर्वांआधी विचारतात.