युरोपात दिवसा सायकलिंग आणि रात्री पार्टी, दोन्ही जमेल असं ठिकाण कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुण्याचे चार मित्र, आठवड्याभराची सुट्टी, दोघांना दिवसभर सायकल दामटायचीये आणि उरलेल्या दोघांना रात्री पब-क्लब पाहिजेत, आणि मायोर्का, इबिझा की डॅन्यूब नदीकाठचा रस्ता यात अडकलायत. मी जर्मनीत कोलोनला राहतो, असल्या मिक्स ग्रुपबरोबर बऱ्याचदा फिरलोय, त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकतो. तुमच्या तिन्हीपैकी एकही नाही, बेल्जियममधलं गेंट.

आता का ते सांगतो. बहुतेक लोक काय करतात, गुगलवर चांगले सायकल रूट शोधतात, मग पार्टीची शहरं शोधतात आणि दोन्ही यादीत जे नाव येतं त्याचं तिकीट काढून मोकळे होतात. पण त्या जागी सायकलचा सीझन आणि पार्टीचा सीझन एकाच महिन्यात येतो का, आणि तिथली रात्र किती वाजता सुरू होते, हे कुणी बघत नाही. खरी गोची तिथंच होते.

मायोर्काचंच घ्या. सायकलवाल्यांसाठी ते बेट म्हणजे पंढरी आहे, यात वादच नाही. प्रोफेशनल टीम्स हिवाळ्यात तिथं सरावाला येतात, ट्रामुंताना डोंगररांगेतले रस्ते असे गुळगुळीत की बघत राहावं, आणि सा कालोब्रा तर आयुष्यात एकदा करावाच असा घाट. साडेनऊ किलोमीटरच्या आसपास, सरासरी सात टक्के चढ, आणि गंमत म्हणजे आधी खाली समुद्रापर्यंत उतरायचं आणि मग त्याच रस्त्याने वर यायचं, मधे एका ठिकाणी रस्ता स्वतःच्याच पुलाखालून गुंडाळी मारून जातो. सिंहगड सायकलने चढत असाल तर आरामात जमेल. पण हे सगळं मजेत करायचे महिने म्हणजे मार्च ते मे, नाहीतर मग ऑक्टोबर. मायोर्का ३१२ नावाची मोठी राइड एप्रिलच्या शेवटाला असते ती उगाच नाही. आणि तुमचे पार्टीवाले मित्र ज्या मागालुफची, म्हणजे मायोर्कातल्या पार्टीच्या गावाची, रील्स बघून खूश झालेत, ते मार्च-एप्रिलमधे जवळपास शटर डाऊन असतं, खरी धमाल जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत सायकल चालवायची तर पहाटे सहाला बाहेर पडावं लागतं, नाहीतर अकरानंतर तुमचं पापड होतं. आणि पार्टीवाले सहाला घरी येतायत. म्हणजे एकाच रूममधले दोघे दारात एकमेकांना गुड मॉर्निंग आणि गुड नाइट म्हणणार, बस. त्यात मागालुफ आणि प्लाया दे पाल्मा भागात २०२० पासून रात्री साडेनऊनंतर दुकानातून दारू विकायला बंदी आहे, ते वेगळंच.

इबिझाचंही तेच, मोठे क्लब मे ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि महागडे. एकूण स्पेनबद्दल हे डोक्यात ठेवा की तिथं लोक रात्री नऊ-दहाला जेवायला बसतात, क्लबात एक-दोनच्या आत गेलात तर वेटर आणि तुम्ही एवढेच असता. वलेन्सिया, बार्सिलोना सगळीकडे हीच कथा. पार्टीसाठी भारी देश, पण दुसऱ्या दिवशी ८० किलोमीटर मारायचे असतील तर शरीर नाही म्हणतं. आपण काही विशीत नाही राहिलो. तरीही मायोर्काच करायचं असेल तर रिसॉर्ट सोडून द्या आणि थेट पाल्मा शहरात राहा, मेच्या सुरुवातीला, सांता कातालिना भागात बारा महिने बार चालू असतात.

डॅन्यूब. पासाउ ते व्हिएन्ना, तीनशेपेक्षा थोडं जास्त अंतर, नदीच्या उतारानेच जायचं म्हणून जवळपास सपाट, आणि फार सुंदर, वाखाउ खोऱ्यात जर्दाळूच्या बागा आणि द्राक्षमळे. मी कुणालाही डोळे झाकून सुचवीन. फक्त तुमच्या ग्रुपला नाही. कारण तिथं तुमच्या आजूबाजूला इ-बाइकवरचे रिटायर्ड जोडपे आणि लहान मुलांचे आईबाप असतात, मुक्काम छोट्या गावात, साडेनऊला गेस्ट हाउसची मालकीणबाई खुर्च्या उलट्या करून ठेवते. मधे एक लिंत्स सोडलं तर व्हिएन्नापर्यंत रात्र नावाची गोष्टच नाही. तुमचे पार्टीवाले तिसऱ्या दिवशी ट्रेन पकडून पुढे निघून जातील बघा. उलट व्हिएन्नाला सुरू करून ब्रातिस्लावावरून बुडापेस्टला संपवलं तर जरा बरं जमतं, दोन्ही टोकांना दणदणीत रात्र मिळते, एकीकडे व्हिएन्नात डोनाउकनाल या कालव्याच्या काठावरचे बार आणि दुसरीकडे बुडापेस्टच्या सातव्या विभागातले ते पडक्या वाड्यांत थाटलेले पब. पण मधले दिवस कोरडेच.

म्हणून माझं म्हणणं, एकाच शहरात तळ ठोका, रोज तिथूनच निघा आणि तिथंच परत या. सामान हलवायचं नाही, ज्याला झोपायचंय त्याला झोपू द्या. आणि शहर असं निवडा जिथं संध्याकाळ सहा-सातलाच रंगात येते. यात गेंटला तोड नाही.

सायकलचं आधी. गेंटच्या दक्षिणेला शेल्ड नदीच्या काठाकाठाने तीसेक किलोमीटर गेलं की आउडेनार्डे गाव लागतं, रस्ता अगदी सपाट, गाड्या नाहीत, फक्त वारा समोरून असेल तर देव आठवतो. आणि आउडेनार्डेपासून सुरू होतात त्या टूर ऑफ फ्लँडर्स या मोठ्या सायकल रेसच्या प्रसिद्ध टेकड्या. टेकड्या म्हणजे आपल्या घाटांपुढे काहीच नाहीत, उंची बघून हसू येतं. त्यातली कोपेनबर्गची चढण फक्त ६०० मीटर लांब आहे. पण तो दगडी गोट्यांचा रस्ता आहे, मधे २२ टक्क्यांपर्यंत चढ, दोन्ही बाजूला मातीचे उंच बांध आणि वर झाडं, त्यामुळे दगड सहसा ओलसर. बसून चालवलं तर पुढचं चाक उचलतं, उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. आणि रस्ता इतका अरुंद की पुढच्या एकाने पाय टेकला की मागच्या सगळ्यांची वरात थांबते, मग क्लीट्सवाले (पेडलला अडकणारे) बूट घालून त्या गोट्यांवर टकटक करत, घसरत, सायकल ढकलत वर जायचं. लाज वाटून घेऊ नका, रेसमधे प्रोफेशनल लोकसुद्धा इथं सायकल हातात धरून पळताना टीव्हीवर दिसतात. बोपदेव घाट रोज मारणाऱ्या माणसाचाही इथं माज उतरतो. जवळच पाटरबर्ग आहे, त्याची गोष्ट अशी सांगतात की एका शेतकऱ्याला आपल्या घराशेजारून रेस जावी असं फार वाटायचं म्हणून त्याने हा रस्ता दगडी करून घेतला, आणि १९८६ पासून खरंच रेस तिथून जायला लागली. असली माणसं असलेला प्रदेश आहे हा. आउडेनार्डेला या रेसचं म्युझियम आहे, आत बार आहे, आणि तिथूनच वेगवेगळ्या अंतराच्या खुणा केलेल्या लूप्स निघतात.

आणि तुमच्या पार्टीवाल्यांनी काय करायचं, तर दहापर्यंत झोपायचं, निवांत आवरायचं, गेंटहून ट्रेनने अर्ध्या तासात आउडेनार्डे गाठायचं आणि चौकात बिअर घेऊन तुमची वाट बघत बसायचं. आउडेनार्डेची स्वतःची ब्राउन बिअर आहे. दुपारी सगळे एकत्र जेवायचं, ज्याचे पाय गेलेत त्याने ट्रेनने परत. दुसऱ्या दिवशी ब्रूज शहर, कालव्याच्या काठाने पन्नास किलोमीटरच्या आत, सपाट, हे तर पार्टीवालेसुद्धा भाड्याची साधी सायकल घेऊन करतील, येताना ट्रेन आहेच. रस्ता शोधायची भानगड नाही, कारण तिथं जंक्शनना नंबर दिलेले असतात, एका बेल्जियन खाण इंजिनियरने ही पद्धत १९९५ मधे लिंबुर्ग भागात सुरू केली होती. सकाळी नकाशावरून नंबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी टॉप ट्यूबला, म्हणजे सायकलच्या वरच्या आडव्या दांडीला, चिकटवायची, आणि पाटी बघत पुढच्या नंबरला जायचं. मोबाइलची बॅटरी संध्याकाळच्या फोटोंना शिल्लक राहते.

आता रात्र. गेंट हे मोठं विद्यापीठाचं शहर आहे, आणि इथली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते म्हणून नीट वाचा, इथं मोठी रात्र शनिवारची नाही, गुरुवारची. फ्लेमिश (म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागातली) पोरं वीकेंडला घरी आईकडे जातात, शुक्रवारी दुपारी सेंट पीटर्स स्टेशनकडे चाकांच्या बॅगांचा नुसता खडखडाट चाललेला असतो. त्यामुळे ओव्हरपोर्ट नावाची जी पोरांच्या बारची गल्ली आहे ती गुरुवारी तुडुंब भरते, आणि शनिवारी गेलात तर म्हणाल हा माणूस काहीही सांगतो. (आता यात आपल्याकडच्यांची पंचाईत अशी की ग्रुपमधे एखादा गुरुवार पाळणारा असतोच. त्याला सांगा, गेंटमधे २००९ पासून गुरुवार हा अधिकृत व्हेज दिवस आहे, खाण्याचे हाल होणार नाहीत, पिण्याचं त्याचं त्याने बघावं.)

पोरांच्या गर्दीत नको असेल तर ग्रासलेई या नदीकाठच्या धक्क्यावर बसा, संध्याकाळी अख्खं गाव पाण्यात पाय सोडून बसलेलं असतं, फुकट. मग फ्रायडाखमार्क्टच्या चौकात डुले ग्रीट नावाचा पब आहे, तिथं सव्वा लिटरच्या आसपास बिअर मावेल अशा लाकडी स्टँडवाल्या ग्लासात बिअर देतात आणि ग्लास चोरीला जाऊ नये म्हणून तुमच्याकडून एक बूट डिपॉझिट घेतात, तो टोपलीत टाकून दोरीने छताला चढवतात. टुरिस्टी प्रकार आहे, पण एकदा करायला मजा येते, त्या दिवशी फाटके मोजे घालू नका म्हणजे झालं. उशिरापर्यंत नाचायचं असेल तर फ्लासमार्क्ट भागात जा. सगळं चालत अंतरावर, कारण गावाचा मध्यभाग २०१७ पासून गाड्यांना बऱ्यापैकी बंद केलाय. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे सातला सुरू करून साडेबाराला झोपलात तरी काही राहून गेलं असं वाटत नाही, आणि ज्यांना पहाटेपर्यंत बसायचंय त्यांना कुणी उठवत नाही.

फक्त बेल्जियन बिअरला आपली नेहमीची बिअर समजू नका. डूव्हल साडेआठ टक्के, वेस्टमाले ट्रिपल साडेनऊ टक्के. बाटली छोटी दिसते, चव गोडसर, तिसरीनंतर तुम्हाला फ्लेमिश समजायला लागतं. आणि सायकलवाल्यांनो, प्यायची असेल तर सायकल हॉटेलच्या स्टोअरमधे ठेवूनच बाहेर पडा. बेल्जियममधे रक्तातल्या अल्कोहोलची ०.५ प्रति हजारची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी गेंटच्या मध्यभागी ट्रामचे रूळ आहेत, चाक त्यात अडकलं की माणूस सरळ तोंडावर. शुद्धीत असतानासुद्धा रूळ काटकोनात ओलांडायचे. अजून एक, गाड्या उजवीकडून चालतात हे तुम्हाला माहीतच आहे, पण पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं हे डोक्यात बसायला वेळ लागतो.

कधी जावं? मे महिना, नाहीतर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात, कॉलेजं चालू असतात आणि हवा चालवण्यालायक असते. जूनमधे पोरांच्या परीक्षा, ऑगस्टमधे ओव्हरपोर्ट सुनसान. जुलैचा अपवाद, २१ जुलैच्या आसपास दहा दिवस गेन्ट्से फेस्टन नावाचा शहराचा उत्सव असतो, पूर्ण शहर रस्त्यावर, जागोजागी स्टेज, उजाडेपर्यंत गाणी. पार्टीवाल्यांचं मत घेतलंत तर ते हेच निवडतील, पण हॉटेल खूप आधी बुक करावं लागेल आणि झोप विसरावी लागेल. उलट सायकलवाल्यांचं ऐकलंत तर एप्रिलची सुरुवात, रविवारी टूर ऑफ फ्लँडर्सची रेस आणि आदल्या दिवशी सामान्य लोकांसाठी त्याच रस्त्यांवर राइड. थंडी-पाऊस मात्र गृहीत धरा.

कोपनहेगन सुचवणारे बरेच भेटतील. शहर म्हणून मस्त, लोकल ट्रेनमधे सायकल फुकट नेता येते, क्योडब्यूएन या बार-रेस्टॉरंटच्या भागात रात्री गर्दी असते. पण बिअरचं बिल बघून नशा उतरते आणि बाहेर राइड करायला सपाट एके सपाट. बर्लिनला रात्र दोनला सुरू होते, त्याची अडचण स्पेनबद्दल वर सांगितलीच.

सायकल पुण्याहून नेऊ नका, एका आठवड्यासाठी बॉक्स, एअरलाइनचे पैसे आणि टेन्शन परवडत नाही. तिथं चांगली रोड बाइक भाड्याने मिळते, फक्त २८ किंवा ३० मिलिमीटर रुंदीचे टायर मागून घ्या, दगडांवर २५ च्या टायरवर बसलात तर रात्री खुर्चीवर बसवणार नाही. पेडल आणि बूट आपले न्या. ब्रसेल्स एअरपोर्टवरून गेंटला थेट ट्रेन आहे, साधारण तासाभराची. व्हिसा शेंगेन, फी ९० युरो, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि जास्त रात्री जिथं त्याच देशाकडे अर्ज करायचा असल्याने सगळा मुक्काम गेंटला ठेवलात तर अर्ज बेल्जियमकडेच, चौघांचं बुकिंग एकत्र दाखवा.